चावडीतल्या अक्का

मी शाळा दुसरीपर्यंत केली. चौकट करायला तेवढी पुरते. अक्कांच्या फोटोची चौकट मी केली, सातपुड्यातल्या सागाची. तसे सांधे रावेर तालुक्यात दुसऱ्या कोणी जुळवून दाखवावेत, मी त्याच्या घरी पाणी भरीन.

अक्का म्हणजे आमच्या गावच्या एक विधवा बाई. शेत त्यांच्या नावावर होतं, म्हणून इंग्रजांच्या काळातही त्यांना मत होतं. बाकी बायांना नव्हतं. दुसरी एखादी असती तर मिरवली असती. अक्कांनी त्यावरून भांडण काढलं. मला आहे तर हिला का नाही, असं विचारत छकडा जुंपून गावोगाव फिरल्या, बायांच्या सभा घेतल्या, जळगावला जाऊन साहेबापुढे उभ्या राहिल्या. स्वातंत्र्य आलं, सगळ्या बायांना मत मिळणार हे ठरलं, तेवढं त्यांनी ऐकलं. पहिली निवडणूक मात्र बघितली नाही. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गेल्या.

गावाने ठरवलं, अक्कांचा फोटो लावायचा. कुठे लावायचा यावर बरंच बोलणं झालं. मी म्हणालो, चावडीत. गावात त्याहून मानाची जागा नाही. आत गेलं की समोरच्या भिंतीवर, येणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडेल असा. खिळा मी ठोकला, फोटो मी टांगला. हार झाला, नारळ फुटला, चार जण बोलले. गावचे वडीलधारे आबा तर म्हणाले, "मिस्तरी, चौकट पाहून अक्का आत्ता बोलतील असं वाटू राह्यलं."

घरी आलो तो छाती फुगवूनच. आमची मंडळी चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. मी विचारलं, "कशी काय वाटली चौकट?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मी कुठं पाहिली?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की चावडीत बाई पाय ठेवत नाही. पाय ठेवणं लांबच, चावडीच्या ओट्यावर मोठी माणसं बसलेली असली तर बाया मागच्या बोळाने जात. समोरून जावंच लागलं तर चपला काढून हातात घ्यायच्या, पदर ओढायचा आणि भराभर निघायचं. एकट्या अक्का चपला वाजवत समोरून जायच्या. आबा तेवढा वेळ चावडीपुढच्या निंबाच्या झाडाकडे बघत बसायचे.

"अक्का आमची," मंडळी म्हणाली, "अन् नेऊन कोंडली बाप्यांमधी. देवीच्या देवळात लावा तिला. जाता-येता दिसंल तरी."

"देवळात दिव्याची काजळी बसते. चौकट काळी पडेल."

"मग बसा तुमची चौकट घेऊन."

त्या रात्री भरितात मिरची नव्हती. दुसऱ्या रात्री इतकी होती की मी तांब्याभर पाणी प्यालो. पण फोटो हलवीन असं मी म्हणालो नाही. जागा बरोबर होती. अजूनही म्हणतो, बरोबर होती.

मग थंडीत निवडणूक आली, आणि मतदान चावडीत होणार असं कळलं. विहिरीवर बायांचं एकच बोलणं, आपण काही तिथे चढणार नाही. ओट्यावर आबा, नाना, सगळे सासरे-चुलत सासरे बसलेले, त्यांच्यादेखत कोण जाईल? आबांना हे सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "नाई तर नाई. फोटो लावला ना अक्कांचा? मान झाला. आता बायांना कशाला तरास?"

ते मला लागलं. ज्या बाईने बायांच्या मतासाठी जन्म घालवला, तिच्या डोळ्यांसमोर पेट्या मांडायच्या आणि गावची एक बाई आत येणार नाही? मग ती चौकट मी कशासाठी घासली?

कोतवाल म्हणाला, "मिस्तरी, फोटो देवळात नेऊ, मताला नाही आल्या तरी बाया अक्कांना पाहतील तरी."

मी म्हणालो, "फोटो हलणार नाही. ज्याला बघायचा त्याने इथे यावं."

घरी येऊन मंडळीलाही तेच सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"आबा उठतील ओट्यावरून?"

"नाही उठणार. मी पण बसणार आहे तिथेच."

"मग मी समोरून यायचं? चपला घालून?"

"अक्का काय घालून जायच्या?"

तिने सूप पुन्हा उचललं. रावेरच्या बाजारातून आणलेली तिची जोडी लग्नकार्याशिवाय कधी निघत नसे. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर ती जोडी तेल लावून उन्हाच्या जागी ठेवलेली.

मतदानाच्या दिवशी मी सकाळपासून आबांच्या शेजारी बसलो. बाप्यांची मतं झाली. ऊन वर आलं आणि मारुतीच्या वळणावरून चपलांचा आवाज आला. आमची मंडळी पुढे, मागे दहा-पंधरा बाया. ज्यांच्याकडे चपला नव्हत्या त्या अनवाणी होत्या, पण समोरून आल्या. आबांनी निंबाकडे मान वळवली.

पायरीपाशी येऊन मंडळी थांबली. मला वाटलं, परत फिरते की काय? तिने चपला काढल्या, पण हातात घेतल्या नाहीत. बाप्यांच्या जोड्यांशेजारी नीट लावून ठेवल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. मागच्यांनीही ठेवल्या. मग सगळ्या आत गेल्या.

आतून मतदान घेणाऱ्या साहेबाचा आवाज आला, "बाई, आधी इकडे या, नाव सांगा."

"थांबा हो जरा. अक्काला पाहू द्या पहिले."

मंडळी बाहेर आली ती चपला पायात घालूनच ओट्यासमोरून गेली. बाया मोजून दमल्यासारखे आबा म्हणाले, "मिस्तरी, तुमच्या मंडळीच्या चपला भलत्याच वाजतात."

"नव्या आहेत," मी म्हणालो.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. घरी विचारलं, कुणाच्या पेटीत मत टाकलंस? म्हणाली, ते मला अन् अक्काला ठाऊक. मरेपर्यंत सांगितलं नाही तिने. पुढे दर संक्रांतीला बाया चावडीत जाऊन अक्कांपुढे तीळगूळ ठेवू लागल्या, आणि तेवढा वेळ आबा ओट्यावरून आपणहून उठायला शिकले.

त्या दिवशी मात्र मला एकच ऐकायचं होतं. जेवताना पुन्हा विचारलं, "आता तर पाहिली. कशी आहे चौकट?"

तिने ताटात भाकरी वाढली. म्हणाली, "चांगली आहे. जराशी तिरपी लागली."

तिरपी नव्हती. भिंत वाकडी होती.