सुरगाठ

दादाला जाऊन दीड महिना झाला. त्याचं त्या दुपारचं फोनवरचं बोलणं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. "शोभे, कुलपाची चावी कुठं ठेवलीस माय? गोठ्यात पानी शिरायलंय." मी सेलूत, माझ्या स्वयंपाकघरात होते. पर्स उचकली… चावी तिच्यातच होती.

आमची वस्ती बोरीच्या अलीकडे, तलावाच्या काठाला. तलाव तुडुंब भरला की पाणी उलटं आमच्या गल्ल्यांत येतं. त्यामुळे मृग निघाला की माझा हा थोरला भाऊ घरोघर फिरायचा. कागदपत्रांचा डबा माळ्यावर ठेवलाय का, शाळेच्या टेकाडाची वाट मोकळी आहे का, आणि मुख्य म्हणजे जनावरांची गाठ. दावं सुरगाठीनंच बांधलेलं हवं, एका ओढीत सुटणारं. निरगाठ दिसली की चारचौघांत झापायचा. "भिजल्यावर ही नखानं तरी सुटंल का?" मग नवी गाठ मारून दाव्याचं टोक घरधन्याच्या हातात द्यायचा. "वढून बघ." आम्ही त्याला गाठीवाला म्हणून चिडवायचो. तो आपला हसायचा.

यंदा शेजारच्या गावात बैलांची चोरी झाली आणि मी हट्टाला पेटले. पोळ्याला माहेरी जाताना दोन साखळ्या आणि एक जाडजूड कुलूप घेऊन गेले. दादा म्हणाला, "साखळीला सुरगाठ बसत न्हाई, शोभे." मी म्हटलं, "चोराला मात्र तुझी गाठ लय सोपी!" मला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. दुसऱ्या दिवशी निघताना दोन्ही बैलांच्या साखळ्या खांबाला अडकवून वहिनीला कुलूप लावून दाखवलं, आणि सवयीनं चावी पर्समध्ये टाकली. शहाणी ना मी!

त्याच दुपारी आभाळ फाटलं. वस्तीतली सगळी जनावरं एकेका ओढीत सुटली, माणसं टेकाडावर गेली. आमचेच दोन बैल तेवढे अडकले. मी रिक्षानं निघाले, तर वाटेतला पूल पाण्याखाली. पुढे जाता येईना, मागे फिरवेना… चावी मुठीत धरून तशीच उभी राहिले. दादाला फोन लावून पुलाचं सांगितलं. "बरं, तू येऊ नको. पहार हाय माझ्यापाशी," म्हणाला. पहारीनं त्यानं एक साखळी तोडली. दुसरी तोडताना गोठ्याची मातीची भिंत त्याच्या अंगावर आली.

परवा वहिनीला भेटायला गेले. चावी पुढे केली. तिनं ती घेतली नाही. वाचलेल्या बैलाचं दावं तिनं खुंट्याला बांधलं आणि टोक माझ्या हातात दिलं.

"वढून बघा, ताई."

ओढलं. गाठ सुटली. चावी अजून माझ्या पर्समध्येच आहे.