डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या

आमच्या मुलीचं अंगावरचं दूध पाचव्या महिन्यात तोडायला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं. ही गोष्ट आजवर कुणाला बोललेलो नाही. आईला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच.

सांगायला बसलोच आहे तर माझा धंदाही सांगतो, म्हणजे गंमत कळेल. मी बेळगावात कन्नड कागद मराठीत करून देतो. आमच्याकडे जमिनीचा उतारा कन्नडमध्ये निघतो, नोटीस कन्नडमध्ये येते, आणि ज्याच्या नावानं ती येते त्याला बऱ्याचदा ती वाचता येत नाही. तो कागद माझ्या टेबलावर ठेवतो, मी मराठीत लिहून काढतो आणि खाली एक ठरलेली ओळ टाकून सही करतो, 'मूळ मजकुरातील काहीही न गाळता भाषांतर केले आहे.' वीसेक वर्षं ही ओळ लिहितोय. आता हात आपोआप चालतो, डोक्याला त्रास पडत नाही.

बायको कागलकडची. निपाणी ओलांडली की पलीकडं तिचं माहेर, एसटीनं दोन तासांचा रस्ता. तेवढ्यात राज्य बदलतं. लग्न होऊन टिळकवाडीतल्या आमच्या भाड्याच्या घरात आली तेव्हा तिला कन्नडमधले दोनच शब्द येत होते, 'बा' आणि 'होग', म्हणजे ये आणि जा. तेवढ्यावर तिनं भाजीवाल्यांशी कितीतरी वर्षं काढली.

नऊ वर्षं आम्हाला मूल नव्हतं. दोष माझ्यात होता. शुक्रजंतूंचा आकडा इतका कमी की तपासणाऱ्या मुलानं तो मला तोंडानं सांगितला नाही, कागदावर बोट ठेवून दाखवला. बायकोला मी तो सांगितला, तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात तेव्हा होता. आमच्या गावी कंग्राळीला गेल्यावर माझ्या आईनं स्वयंपाकघरात विषय काढला, तेव्हा बायको म्हणाली, "माझ्याच पोटात कायतरी हाय आई. औषध चालू हाय." मी सोप्यात पेपर वाचत होतो. सगळं ऐकू आलं. मी पान उलटलं.

पुढं ज्या डॉक्टरीणबाईंकडं आम्ही जायला लागलो त्या गदगकडच्या. मराठी येत नव्हती, आणि त्यांची हिंदी साधारण माझ्या बायकोच्या कन्नडइतकीच. पहिल्याच भेटीत मी आपणहून कन्नडमध्ये सुरुवात केली. कारण साधं होतं. माझ्या रिपोर्टवर बोलणं व्हायचं होतं आणि परक्या भाषेत लाज थोडी कमी वाटते. त्या दिवसापासून रिवाजच पडला. बाई बोलायच्या, मी ऐकायचो, मग बायकोकडं वळून सांगायचो. दोघी एकमेकींकडं बघून नुसत्या हसायच्या. माझ्यावर दोघींचा पूर्ण विश्वास होता. धंद्यातला माणूस.

टेस्ट ट्यूबच्या दुसऱ्या खेपेला यश आलं. मुलगी झाली, सिझर करून. आणखी दोन गर्भ डॉक्टरांकडे गोठवून ठेवलेले होते.

बायको माहेरी तीन महिने राहून आली ती वेगळीच बाई होऊन. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या बारशाला जायचं टाळणारी ही, आता भर दुपारी खिडकीशी मांडी घालून पाजत बसायची आणि कुणी आलं तरी उठायची नाही. शेवटी कोणत्या बाजूला पाजलं ते लक्षात राहावं म्हणून ब्लाउजच्या खांद्याला एक सेफ्टी पिन लावायची आणि दर वेळी ती या खांद्यावरून त्या खांद्यावर न्यायची. मी काही विचारलं तर नुसतं बोट वर करायची. थांबा, काम चाललंय. दूध इतकं की पोरगी ठसकायची आणि ही हसायची. मी तिला इतकी निवांत कधी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर त्या कामात माझी काहीच गरज नव्हती.

मग राहिलेलं बारसं कंग्राळीला झालं. माझा एक चुलतभाऊ सगळ्यांच्या देखत म्हणाला, "अण्णा, डॉक्टरला पेढं पाठवलंस का न्हाय? खरं काम तेनंच केलंय रं!" मांडव हसला. मीही हसलो, जरा जास्तच. आणि ते वाक्य घरी घेऊन आलो. एक मूल झालं की लोक म्हणतात डॉक्टरनं दिलं. दोन झाली की आपोआप बापाची होतात. असा माझा हिशेब. दुसरंही त्याच फ्रिजमधून येणार होतं ही गोष्ट खरी, पण ती मांडवात कुणाला दिसणार होती?

मुलगी पाच महिन्यांची असताना आम्ही डॉक्टरीणबाईंना दाखवायला गेलो. बायको बाळाला पदराखाली घेऊन पाजत होती. मी कन्नडमध्ये विचारलं, ते दोन गर्भ आहेत, त्यांचं कधी करायचं? बाईंनी चष्मा काढला. त्या काय बोलल्या ते मी आज जसंच्या तसं लिहितो. त्या म्हणाल्या, "दूध चालू आहे तोवर मी औषधं सुरू करत नाही. पण अवसर इल्री, घाई काहीच नाही. सिझरचे टाके आहेत, निदान वर्ष तरी मी हात लावणार नाही. गोठवलेल्या गर्भाचं वय वाढत नसतं, ते थांबतील. इतक्या वर्षांनी हे दूध आलंय. तिला हवं तितके दिवस पाजू दे. तिला सांगा, छान करतेय."

बायको माझ्याकडं बघत होती. "काय म्हटल्या?"

"दूध बंद केल्याशिवाय औषध चालू करता येत न्हाई म्हणाल्या."

"आत्ताच? पाचच महिन्याची हाय की वो ती."

"मग काय करणार? तुझं वय, माझं वय. लौकर बंद केलेलं बरं."

तिनं डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं. बाई कौतुकानं हसल्या, मान डोलावली. बायकोला वाटलं, होकार दिला.

"एवढं लांबडं बोलल्या त्या, आणि तुम्ही दोन वाक्यात सांगितलं."

"कन्नडला लई शब्द लागतात गं."

बघा, खोटं म्हणावं तर पहिलं वाक्य खरंच होतं. मी फक्त उरलेली गाळली. आणि 'लौकर बंद केलेलं बरं' हे माझं मत होतं, ते मी बाईंच्या वाक्याला असं जोडून दिलं की सांधा दिसू नये. माझ्याकडं येणाऱ्या कागदावर असं कुणी केलं असतं तर मी त्याला टेबलावरून उठवला असता.

दूध तोडायचं म्हणून कंग्राळीहून आई आली. तिचे उपाय ठरलेले. कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा, म्हणजे पोर तोंड लावत नाही. आणि छातीवर मोगरा बांधायचा. "वासानं दूध मरतंय," आई म्हणाली. "आमच्या येळंला आमी हेच केलतं. जा रं, फुलं घेऊन ये, भरपूर आण."

मी आयुष्यात बायकोला गजरा आणलेला नव्हता. लाजायचो. आता रोज सकाळी बाजारात जाऊन चार-चार हात मोगऱ्याची माळ घ्यायला लागलो. तिसऱ्या दिवशी फुलवाली म्हणाली, "काय सायेब, पुन्यांदा लगीन करतायसा काय?"

"घरी लागतो."

"लागंल की! वैनी लई नशीबवान. माझ्या नवऱ्यानं मी फुलं इकतो तरी एक कळी दिली न्हाय कधी."

शेजारच्या बायाही आमच्या बायकोला चिडवायला लागल्या. जिन्यात वास भरून राहायचा. ती कुणाला काही सांगायची नाही. आत त्या माळा जुन्या साडीच्या पट्टीनं छातीवर आवळलेल्या, त्याखाली दगडासारखी गाठ, अंगात कणकण. बाहेरच्या खोलीत आई मुलीच्या तोंडात बाटली देत असायची आणि मुलगी ती ढकलून रडायची. रडू ऐकलं की आत हिचं दूध वाहायचं. कुणी न विचारताच. पट्टी भिजायची, फुलं पिवळी पडायची. मी संध्याकाळी ती कागदात गुंडाळून बाहेर टाकून यायचो.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी मी लवकर घरी आलो. आई देवळात गेलेली. आतलं दार लोटलेलं. ढकललं तर बायको भिंतीला टेकून पाजत होती. माळा जमिनीवर. निंबाचा लेप तिनं धुऊन टाकला होता. मला बघून ती इतकी दचकली की मुलीचं तोंड सुटलं.

"आजच्याला फक्त," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईना सांगू नका."

तेव्हा सांगता आलं असतं. त्या तुला छान करतेयस म्हणाल्या होत्या, एवढंच वाक्य. मी म्हणालो, "न्हाई सांगत." आणि दार लोटून घेतलं. स्वतःच्या उदारपणाचं मला त्या वेळी कौतुकही वाटलं, हे लिहिलंच पाहिजे.

पंधरा दिवसांत दूध गेलं. ती सेफ्टी पिन मग बरेच दिवस एकाच खांद्यावर राहिली.

महिन्याभरानं परत डॉक्टरीणबाईंकडं गेलो. मी कन्नडमध्ये सांगितलं की दूध आपोआप आटलं. बाई हळहळल्या. बायकोच्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, वाईट झालं, पण होतं असं कधीकधी. आणि औषधं? ती वर्षानंतरच. टाक्यांचं मी मागंच सांगितलं होतं ना?

सांगितलं होतं.

बायकोनं विचारलं, "काय म्हटल्या?"

"अंग तयार व्हायला वेळ लागतो म्हणाल्या. सहा-सात म्हैने."

"मग तवर पाजलं असतं की मी."

मी फाईल उचलली आणि बाईंना नमस्कार केला.

ते सहा-सात महिने मुलगी बाटलीवर राहिली. सर्दी, जुलाब, पुन्हा सर्दी. मग एक गर्भ ठेवला, राहिला नाही. चार महिन्यांनी दुसरा ठेवला, तोही राहिला नाही. त्या दुसऱ्या वेळी घरी परतताना रिक्षात बायको म्हणाली, "एकीच्या तोंडातलं काढून घेतलं मी. दुसरं कसं मिळंल?" मी म्हणालो, असं काही नसतं. इतक्या ठामपणे म्हणालो की तिला बरं वाटलं असावं. पण 'मी काढून घेतलं' यातला 'मी' चुकीचा आहे, हे काही सांगितलं नाही.

तो 'मी' तिनं ठेवूनच घेतला. मुलीला खोकला झाला की ती म्हणते, दूध तोडलं ना. मुलगी शाळेतून गळून आली की तेच. आई हयात होती तोवर आईही मान हलवायची. आणि मी औषधाची बाटली हलवून चमचा पुढं करायचो. आजारपणात माझ्यासारखा नवरा नाही, असं शेजारी म्हणतात.

मुलगी शाळेत जायला लागली तशी बायको कन्नड शिकली. मुलीच्या पुस्तकातनं अक्षरं, शेजारणींकडनं बोलणं. मी शिकवलं नाही, तिनंही विचारलं नाही. फक्त एकदा, निपाणीहून येताना, बसमध्ये चढायला गर्दी झाली तसा कंडक्टर ओरडला, "अवसर इल्री, अवसर इल्री!" बसल्यावर ती म्हणाली, "म्हंजे घाई न्हाय, असंच ना?"

"व्हय."

"आधी ऐकलाय कुठंतरी हा शब्द." आणि खिडकीबाहेर बघत राहिली. संकेश्वर जाईपर्यंत मी तिच्याकडं वळून पाहिलं नाही. तिला आठवलं का, ते मला आजही माहीत नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागेल.

गेल्या महिन्यात मुलीला धाप लागायला लागली म्हणून नव्या डॉक्टरांकडं गेलो. मुलगी आता आठ वर्षांची. तरुण डॉक्टर, कन्नड बोलणारे. मी फाईल घेऊन सवयीनं पुढं सरकलो, पण बायकोच बोलायला लागली. कधीपासून, किती वेळा, धुळीनं की थंडीनं, सगळं कन्नडमध्ये, कुठंही न अडखळता. डॉक्टरांनी विचारलं, अंगावर किती महिने पाजलं?

"ऐदु तिंगळु," ती म्हणाली. पाच महिने. आणि कुणी विचारलं नसताना पुढं म्हणाली, "तप्पु नंदे री." चूक माझीच.

डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध लावू नका. ती हसली, पण मान हलवली ती नाही म्हणून. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो. एका शब्दाचंही भाषांतर करायची गरज नव्हती, फक्त एक दुरुस्ती करायची होती. मी फाईलच्या दोऱ्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बघितलं न्हवं? आता तुमची गरज न्हाय मला."

"न्हायच," मी म्हणालो. मुलीनं आमच्या दोघांचे हात धरले आणि आम्ही रस्ता ओलांडला.

हे सगळं मी लिहिलं, म्हणजे सांगितलं असं होत नाही. चूक तिची नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पाजू दे म्हटलं होतं, छान करतेय म्हटलं होतं, आणि ते मी गाळलं. एवढं तिच्या समोर बसून, तिच्या तोंडाकडं बघून, मराठीत सांगणं मी तिचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.