ह्यांची तिसरी बायको

माझ्या नवऱ्याच्या तिसऱ्या लग्नासाठी नवरी निवडायचं काम माझ्याकडे आलं होतं. ह्यांच्या आधीच्या दोघी आजारपणात गेल्या होत्या आणि तिसरीही जाणार, हे सासूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. त्यावर जुना तोडगा आहे. पुरुषाचं तिसरं लग्न रुईच्या झुडपाशी लावायचं, मग ते झुडूप तोडायचं आणि खऱ्या बाईला चौथी म्हणून घरात घ्यायचं. खरी बाई म्हणजे मी. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून सासूबाई म्हणाल्या, "तूच दाखव बाई एखादी चांगलीशी. आम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"तुमचा विश्वास आहे यावर?" मी ह्यांना विचारलं.

"छे! आईच्या समाधानासाठी."

एक्केचाळिसाव्या वर्षी मला संध्याकाळचा चहा कुणाबरोबर तरी प्यायचा होता. एवढ्यासाठी मी हो म्हटलं, याची आजही लाज वाटते.

हिंजवडीत ह्यांच्या फ्लॅटमागे एक मोकळा प्लॉट पडून आहे. मुरूम, सिमेंटच्या फाटक्या गोण्या आणि त्यात मजेत वाढलेली रुई. मूळची कोरड्या, वाळवंटी मुलखातली. कुणी पाणी घातलं नाही म्हणून तिचं काही अडत नाही. पानं जाड, बिनदेठाची, समोरासमोर जोडीनं खोडाला बिलगलेली. त्यांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव, त्यामुळे आतलं पाणी उन्हात उडून जात नाही. फूल फिकट जांभळं, मधोमध पाच कोनांचा मुकुट. पान तोडलं की पांढरा चीक येतो. शेळीसुद्धा तोंड लावत नाही. एक सुरवंट तेवढा ती पानं खातो आणि त्यातलं विष स्वतःच्या अंगात साठवतो, मग पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. हा भाग शिकवताना मी नेहमी रंगून जाते.

माणसांना मात्र ती सगळ्याला चालते. मंडईबाहेरून आणलेली माळ शनिवारी मारुतीला. एरंडेल लावून तापवलेलं पान सासूबाईंच्या गुडघ्याला. काटा रुतला तर चीक, शेंगेतला कापूस उशीला. आणि घरात दोन सुना मेल्या असतील तर तिसरी सून म्हणून.

लग्न वीस मिनिटांत लागलं. ह्यांनी मुंडावळ्या बांधल्या होत्या. झुडपाला सुताचे वेढे, हळदकुंकू, काळी पोत. मग ह्यांच्या मामेभावानं कोयत्याचे दोन घाव घातले आणि सासूबाई म्हणाल्या, "सुटलो." मूळ शाबूत असलं तर रुई पुन्हा फुटते, हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी बोलले नाही. कुणी विचारलं होतं? आठवड्यानं माझं लग्न झालं.

पुढच्या वर्षी मला छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आणायच्या दिवशी सकाळी सासूबाई मागच्या प्लॉटकडून फिरून परत आल्या त्या पांढऱ्याफटक.

"अरे, ती जिवंत आहे! कमरेएवढी झालीय!" मग माझ्याकडे बघत, माझ्यासमोरच म्हणाल्या, "म्हणजे तिच्या वाट्याचं हिच्यावर आलंय."

ह्यांनी माझ्यासाठी रजा टाकली होती. बूट घालता घालता ते थांबले.

"तू रिक्षानं पुढे हो. मी एवढं उरकून येतो."

"कशासाठी?"

"तुझ्याचसाठी ना."

ते आले नाहीत. लॅबच्या बाकावर पाकीट धरून मी कितीतरी वेळ बसले होते. उघडायचा धीर होत नव्हता. मी फार घाबरले होते. शेजारच्या अनोळखी बाईंनी विचारलं, "अहो, बरोबर कुणी नाही का?"

"येताहेत. आधीच्या बायकोला भेटायला गेलेत."

बाई जरा सरकून बसल्या.

गाठ साधी निघाली.

घरी आले तर हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून त्यांवर मूळ ठेवलेलं. शेजारच्या साइटवरच्या जेसीबीवाल्याला गळ घालून ह्यांनी बाजूनं खड्डा घेतला होता आणि पुढचं हातानं सोडवलं होतं. तळहात सोलवटले होते. रिपोर्ट ऐकून सासूबाईंनी हात जोडले, ते मुळाला. "बघ, काढल्याबरोबर गुण आला!" हेही हसले. ते पाकीट मी एकटीनं कसं उघडलं, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही.

"आलंय ना सगळं?" ह्यांनी विचारलं. "तू सांग. तुझा विषय."

मी खाली बसले. मूळ माझ्या उंचीएवढं होतं, निमुळतं होत गेलेलं, टोक सुतासारखं बारीक आणि अखंड. इतकं सुंदर मूळ मला वर्गात कधी दाखवता आलं नव्हतं.

"टोक तुटलंय," मी म्हटलं. "आत राहिलंय. फुटणार."

याला तीन वर्षं झाली. दर शनिवारी संध्याकाळी हे कुदळ घेऊन प्लॉटवर जातात. मी गॅलरीत बसून चहा पिते. तिथून ते खणताना स्वच्छ दिसतात.