वेल्सच्या मठातल्या बायका

नगरच्या कॉलेजात इतिहास शिकवताना मी पीएचडीसाठी विषय निवडला : वेल्समधला धर्मभगिनींचा एक मध्ययुगीन मठ. मार्गदर्शकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, निजामशाही दारात असताना तुम्ही वेल्सला कशाला जाता?"

"माझी सख्खी आत्या सिस्टर आहे, सर," मी म्हणाले. हे काही धड उत्तर नव्हतं, पण विषय मी बदलला नाही.

मठ लहान, गरीब, डोंगरातला. कागद मूठभर, तेही इंटरनेटवरचे आणि सगळे पुरुषांनी लिहिलेले. ते वाचता यावेत म्हणून दर रविवारी एस.टी.ने श्रीरामपूरला जाऊन एका निवृत्त फादरांकडे लॅटिन शिकले. पन्नाशीत विभक्ती पाठ होत नव्हत्या. रडकुंडीला यायचे, तरी पुढच्या रविवारी बस धरायचेच.

इतकं करून हाती काय लागलं, तर मठाच्या तपासणीला आलेल्या बिशपची तक्रार. बायका परवानगीशिवाय मठाबाहेर हिंडतात, शिस्त नाही. मी खट्टू झाले. हा कागद घेऊन प्रबंध लिहायचा कसा?

दिवाळीच्या सुट्टीत आत्याला भेटायला बेलापूरजवळच्या तिच्या कॉन्व्हेंटमध्ये गेले. तिथे आता तिघीच सिस्टर राहतात. आत्या मेथी निवडत होती. मी तो मजकूर मराठीत वाचून दाखवला. ती खळखळून हसली.

"भाईर जानार न्हाईत तर काय करतील? दळान कोन आननार? आजाऱ्याकडं कोन जानार? त्यो सायेब एक दिस आला आन् लिहून गेला."

घरी येऊन मी सगळे कागद पुन्हा काढले. जिथे जिथे बोल लावला होता, तिथे तिथे मला त्या बायकांचं काम दिसू लागलं. प्रबंध पहिल्यापासून नव्याने लिहिला. त्यात तीन वर्षं गेली.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी अडवलं, "पुरावा कुठाय?"

"तक्रार हाच पुरावा, सर. गप घरात बसणाऱ्यांबद्दल कुणी तक्रार लिहीत नाही."

पदवी मिळाली. जाडजूड प्रत आत्याच्या मांडीवर ठेवली. इंग्रजी तिला फारसं येत नाही. तिने पानांवरून हात फिरवला.

"ह्यात त्यांची नावं हायेत का गं?"

"एकीचंच. त्यांच्या मदर सुपीरियरचं."

"मग बाकीच्यांची शोध की."

शोधतेय. गेल्या महिन्यात दुसरं सापडलं.