शाळेची अठ्ठेचाळीस बाकं आणि इंदूमावशी

गेल्या रविवारी आम्ही एक अख्खी शाळा उचलली आणि विचुंब्याला नेऊन ठेवली. पनवेलमधली जुनी इमारत सोडायची होती, पॅकर्सवाल्यांना बोलवायची ऐपत नव्हती. म्हणून सगळे पालक आणि शिक्षकच कामाला लागले, आणि सूत्रधार म्हणजे अस्मादिक!

मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे, मला एका जागी बसवत नाही. पंधरा दिवस आधीच माझी एक्सेल शीट तयार होती. कोण काय उचलणार, कोण कुठल्या गाडीत... शाळेच्या शिपाई इंदूमावशी, त्यांच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'चहा'.

एक काम मात्र शीटमध्ये नव्हतं. नव्या इमारतीत साफसफाईची माणसं मालकाचीच, भाड्यातच धरलेली. त्यामुळे आता मावशींची गरज नाही, असं शाळा समितीच्या बुधवारच्या मीटिंगमध्ये ठरलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. आणि हे मावशींना सांगायचं कोणी? तर मी. "तुला गोड बोलायला जमतं," असं अध्यक्ष म्हणाले.

एकोणीस वर्षं काढली आहेत त्यांनी त्या शाळेत. सकाळपासून मी त्यांची नजर चुकवत होतो. ट्रक आला की सांगू, पहिली खेप गेली की सांगू, चहा झाला की सांगू... नुसता आत-बाहेर करत होतो. माझ्या मुलीच्या बाईंनी दोनदा विचारलं, काही हरवलंय का म्हणून.

ट्रक एका पालकांचा, एरवी कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळया वाहणारा. जागा वाचावी म्हणून बाकं सुटी करून न्यायची, ही आयडिया माझीच. लोखंडी सांगाडे ट्रकमध्ये, फळ्या टेम्पोत, आणि सांगाड्यावर नि त्याच्या फळ्यांवर एकच नंबर. आता शाळेतली माणसं नंबर कशाने टाकणार? खडूने!

मे महिन्याचं ऊन, घामेजलेले हात, ट्रकमधली काळी तेलकट धूळ... विचुंब्याला माल उतरवला तेव्हा अठ्ठेचाळीसपैकी चार-पाच नंबर कसेबसे दिसत होते. म्हटलं, काय फरक पडतो, कुठलीही फळी कुठेही लावू. लागेना. सुताराने प्रत्येक बाकाची भोकं अंदाजाने पाडलेली, एकाचा बोल्ट दुसऱ्यात जाईल तर शपथ.

दुपारचे तीन वाजले होते. सोमवारी सकाळी शिक्षण खात्याचे अधिकारी पाहणीला येणार होते. वर्ग लागलेले दिसले नाहीत तर जूनमध्ये शाळा सुरू करायची परवानगी लटकणार होती. लोक माझ्याकडे बघत होते आणि मी मोबाईलमध्ये तीच शीट वर-खाली करत होतो... तिच्यात काय उत्तर सापडणार होतं, देव जाणे.

तेवढ्यात मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या. आमची झटापट बघत जरा वेळ उभ्या राहिल्या, मग ट्रे खाली ठेवला.

"दादा, ती फली त्याची नाय."

"मग कोणाची?"

"ती दुसरीच्या खिरकीजवलची. तिला खालून टवका हाय, बगा हात लावून."

हात लावला. टवका होता.

दर मे महिन्यात मावशी सगळी बाकं उलटी करून घासायच्या. त्यामुळे आम्हाला कधीच न दिसलेली खालची बाजू त्यांना पाठ होती. कुठे च्युइंगमचा डाग, कुठे कर्कटकाने पाडलेलं भोक, कुठल्या लंगड्या पायाखाली त्यांनीच चपलेचा तुकडा चिकटवलेला... त्या फळीवरून हात फिरवायच्या, सांगाडा दाखवायच्या आणि आम्ही बोल्ट आवळायचो. सहाच्या आत सगळी बाकं उभी!

सगळे टाळ्या वाजवत होते. मी मात्र घामाने निथळत उभा... आता सांगायलाच हवं होतं. त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि "मावशी, ते बुधवारी..." एवढंच बोललो.

"मना बुधवारीच समजलं हाय," त्या कपबशा गोळा करत म्हणाल्या. "तुमी नका तरास करून घेऊ."

म्हणजे सगळं माहीत असून त्या आल्या होत्या. चहा केला होता, बाकं जुळवून दिली होती. मला स्वतःची लाज वाटली, अगदी खरं सांगतो.

घरी न जाता तसाच अध्यक्षांच्या घरी गेलो. गोड बोललो नाही. बराच वेळ तोंडातोंडी झाली. शेवटी त्यांनी बाकीच्यांना फोन लावले आणि दिवाळीपर्यंत मावशींना ठेवायचं कबूल केलं. पुढचं नंतर बघू म्हणाले. ते 'नंतर' अजून माझ्या डोक्यात घोळतंय.

सोमवारी पाहणी झाली. अधिकारी एका बाकावर बसूनही बघून गेले, परवानगी मिळाली. ते गेल्या गेल्या मी मावशींना फोन केला. म्हटलं, मावशी, नोकरी आहे, आजपासूनच या.

त्या म्हणाल्या, "येते. आनि दादा, तिसरीच्या मागल्या बाकाची फली उलटी लागलीय. काल दिसली व्हती मना... पन बोलले नाय. म्हटलं, आता आपला काय संबंध."

दुपारी ती फळी मी स्वतः सोडवून नीट लावली, मावशी शेजारी उभं राहून सांगत होत्या. नंतर चहा मी केला. अजिबात चांगला झाला नव्हता, तरी त्यांनी पूर्ण संपवला.

थँक यू, मावशी. दिवाळीनंतरच्या मीटिंगला मी पुन्हा हात वर करणार आहे... या वेळी तुमच्यासाठी.