शालिकरामचं नाक

बडनेरा रोडले मी फुलं विकते, अन् माझ्या बाजूलेच शालिकरामचं हेल्मेट धुवायचं दुकान हाय. तुमी म्हणान, हेल्मेट धुवायले कोणी पैसे देते काय? देते बापा. चिखलात मोटारसायकलींच्या शर्यती लावणारे पोट्टे पार अकोल्याहून येतात. त्यांच्या हेल्मेटात घाम मुरला का जवळ उभं राहवत नाही.

शालिकरामचं काम एक नंबर. आतली गादी हलक्या हातानं काढे, कोमट पाण्यात लेकराच्या शाम्पूनं दाबून दाबून धुवे. पिळणं नाही, ऊन दाखवणं नाही, सावलीतच वाळवे. मग खायच्या सोड्याची पुरचुंडी रातभर आत ठेवे. शेवटी गिऱ्हाइकापुढं स्वतःचं तोंड हेल्मेटात खुपसून लांब श्वास घे अन् म्हणे, "घाला आता." त्या श्वासावरच त्याचं दुकान चाले.

करोनात त्याच्या नाकाचा वास गेला तो गेलाच. माझा मोगरा नाकाशी धरून बसे अन् गुपचूप ठेवून दे. मले लय वाईट वाटे. गिऱ्हाइकाले समजलं तर धंदा बसन, म्हणून त्यानं बायकोले, साधनाले, दुकानात आणलं. ती पडद्यामांगं हेल्मेट हुंगे, बरं असलं का बांगड्या वाजवे. मग हा पुढं येऊन तोंड खुपसायचं नाटक करे. माझ्याबिगर कोणाले पत्ता नव्हता.

अन् मग शालिकरामनं स्वतःच पायावर धोंडा पाडून घेतला. साधनाच्या भावापुढं तिले म्हणाला, "तुले काय समजते दुकानातलं?" जीभ जळो त्याची.

दुसऱ्या दिवशी अकोल्याचा शेखर चार पोट्टे घेऊन हेल्मेट न्यायले आला. गादी नीट वाळली नव्हती, कुबट वास मले इथंवर येऊन राहिला होता. तरी साधनानं बांगड्या वाजवल्या. यानं तोंड खुपसलं, लांब श्वास घेतला, म्हणाला, "घाला आता." शेखरनं घातलं अन् ओकत ओकत काढलं. तवा साधना पडदा सारून बाहेर आली. "यायले वास येतच नाही," म्हणाली. "हुंगते मी." सारे पोट्टे पोट धरून हसले.

त्या दिवसापासून खुर्चीवर साधना बसते, शालिकराम खाली बसून गाद्या धुते. इथवर मी तिले दोष देत नाही. बोलला त्याचं भोगलं.

पण आता गिऱ्हाईक आलं का ती नाकाले पदर लावते. "सरका तिकडं, आंघोळ करून या. अंगाचा वास मारून राहिला तुमच्या." अन् हा मान खाली घालून उठते, नळावर जाते. हिवाळ्यात बी. घासून घासून मानेची कातडी सोलली त्याची.

मी एक डाव तिले झापलंच. "काहून छळतं त्याले? काहीच वास नाही येत त्याच्या अंगाचा."

"मले माईत हाय," ती म्हणाली. "त्याले कुठं माईत हाय?"

मी त्याले बाजूले घेतलं. "शालिकराम भाऊ, लेकराची शपथ घेऊन सांगते, तुमचा वास येत नाही. ती खोटं बोलते."

त्यानं आपलाच दंड नाकाशी नेला, उगाच.

"तुमी दिवसभर फुलांत बसता, वहिनी," तो म्हणाला. "तुमाले काय समजन."

अन् साबण घेऊन नळावर गेला.