आबा अठरा फुटांवर होते

बहिणीच्या लग्नात फोटो मीच काढणार, असा हट्ट मी धरला होता. धरणगावच्या स्टुडिओत तीन वर्षं काढली होती, म्हणजे मला सगळं येतं अशी माझी समजूत. शिवाय जळगावच्या एका मित्राकडून झूम लेन्स मागून आणली होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवरा बाजूला, बाशिंग मीच बांधलं होतं.

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आणलेलं स्थळ बहिणीनं नाकारलं होतं आणि शिंदखेड्याचा एक शिक्षक स्वतः निवडला होता. तेव्हापासून चार महिने आबा तिच्याशी बोलले नव्हते. लग्नाला आले, पण मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभे राहिले. मंगलाष्टकं चालू असताना मी स्टेजवरून सहज लेन्स तिकडे वळवली, झूम खेचला, आणि आबांचा चेहरा डोळ्यासमोर आला. आबा रडत होते. बहीण मान खाली घालून उभी होती, तिला काहीच दिसलं नाही.

फ्लॅशच्या पाठीवर तक्ता असतो : माणूस इतक्या फुटांवर, तर ॲपर्चर इतकं. आबा तर हात लावावा इतके जवळ दिसत होते. मी सहा फूट धरले, ॲपर्चर सोळावर नेलं, म्हणजे लेन्सचं तोंड अगदी बारीक केलं, आणि बटण दाबलं.

निघताना बहीण मला म्हणाली, "आबास्नी माले माफ करं नही." मी कॅमेऱ्यावर थाप मारून म्हणालो, "थांब. मनाजोडे पुरावा शे." तिचा चेहरा एकदम उजळला. मग दर आठवड्याला तिचं कार्ड यायचं, फोटो आले का? रंगीत रोल तेव्हा जळगावला धुवायला जायचे. मला धीर कुठला! एक दिवसाआड एसटीनं जाऊन मी लॅबच्या काउंटरवर उभा राहायचो. तिथले म्हातारे भाऊ मला बघितलं की आधीच ‘नाही’ म्हणून हात हलवायचे.

शेवटी फोटो आले. नवरा-नवरी झकास. आबांच्या जागी काळोख, त्यात टोपीचा पुसट पांढरा डाग.

"किती फुटांवर होते?" भाऊंनी विचारलं.

"सहा."

"होते, का दिसत होते?"

मी मनातल्या मनात स्टेजपासून खांबापर्यंत चालत गेलो. अठरा फूट तरी होते. पाच पॉइंट सहाचं, बरंच उघडं ॲपर्चर हवं होतं.

"झूमनं वडील जवळ आले, बाबा, पण उजेडाला तेवढं अंतर चालतच जावं लागतं," भाऊ म्हणाले. त्यात ती लेन्स लांब खेचली की तिचं तोंड आपोआप आणखी बारीक व्हायचं, म्हणजे उजेड आणखी कमी. दुष्काळात तेरावा महिना. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी आबांनी अल्बम दोनदा चाळला. "बठ्ठा दिसतस, मीच नही," ते म्हणाले.

माझा तोल गेला. तुम्ही रडलात, मी पाहिलं, माझ्या मूर्खपणामुळे फोटो काळा आला, आणि तिकडे ती समजतेय की तुम्ही अजून रागावलेले आहात, असं सगळं एका दमात ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा धुतलेलं धोतर नेसून शिंदखेड्याच्या एसटीसाठी माझ्या आधी स्टँडवर हजर होते.

शिंदखेड्याला बहिणीनं पाणी दिलं, माझ्याकडून सगळी हकीकत ऐकली, अल्बम मांडीवर घेतला आणि तो काळा फोटो काढून बराच वेळ उजेडाकडे धरला. मग तिनं थेट विचारलं, "आबा, तुम्ही खरंच रडनात का?"

आबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "अक्षतांना तांदूय डोयामा गया व्हता."

"दोन्ही डोयास्मा?"

आबा "हा" म्हणाले आणि आम्हां दोघांच्या देखत ढसाढसा रडले.